गुंजनपक्ष्याचे शर्करापात्र आणि मधमाशीचा संदेश

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राण्यांच्या संज्ञापनाचा विचार भाषाशास्त्राने करावा की तो सर्वस्वी प्राणिशास्त्राकडे सोपवावा, हा वाद जुना आहे. मधमाशीचे नृत्य हे त्या वादातील नेहमीचे उदाहरण होय. अध्यापनात ते दिले जाते ते बहुधा मानवी भाषेचे वेगळेपण ठसविण्यासाठी. त्या नृत्याच्या ज्ञानाने एखादी व्यावहारिक अडचण सुटू शकेल काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. उत्तर अमेरिकेतील परसांत दर उन्हाळ्यात उद्भवणारी एक लहानशी अडचण अशा विचाराला फार सोयीची आहे. गुंजनपक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या पात्रावर मधमाश्यांची झुंबड उडते, पक्षी पात्राकडे फिरकेनासे होतात, आणि माश्यांना दूर कसे ठेवावे हे यजमानाला उमजत नाही. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी मधमाशी आपल्या पोळ्यात काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही यावर अवलंबून आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीत ज्याला हमिंगबर्ड म्हणतात, तो पक्षी येथे 'गुंजनपक्षी' या नावाने निर्दिष्ट केला आहे. या कुळातील ३६० हून अधिक जाती ज्ञात असून त्या केवळ अमेरिकेच्या दोन खंडांत व लगतच्या बेटांवर आढळतात. भारतात त्यांपैकी एकही नाही. महाराष्ट्रातील शिंजीर हाही मकरंद पितो आणि त्याचीही चोच लांब व बाकदार असते. परंतु दोघांचे वंश वेगळे असून त्यांच्यातील साम्य समान आहारातून उद्भवलेले आहे. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मकरंद पितो. गुंजनपक्षी मात्र हवेत एका जागी स्थिर राहून पितो. ही स्थिरता त्याला फार महाग पडते. त्यासाठी पंखांची सेकंदाला सुमारे ५० वेळा फडफड करावी लागते, आणि त्या श्रमाची भरपाई मुख्यतः साखरेतूनच होऊ शकते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात वीण करणारी गुंजनपक्ष्याची जात एकच आहे. तिच्या नराचा कंठ माणकासारखा लाल असल्यामुळे तिला माणिककंठी म्हणता येईल. या पक्ष्याचे वजन सुमारे ३ ग्रॅम असते. उन्हाळा सरता सरता तो मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या दिशेने स्थलांतर करू लागतो, आणि त्यांपैकी पुष्कळ पक्षी मेक्सिकोचे आखात, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरांचे अंतर, वाटेत कोठेही न उतरता पार करतात. या प्रवासापूर्वी शरीरात चरबी साठवून तो आपले वजन जवळजवळ दुप्पट करतो. मनुष्याने टांगलेले पात्र हा त्याचा एकमेव आधार नव्हे. फुले आणि लहान कीटक हाच त्याचा मूळ आहार होय. तथापि जेथे वस्ती दाट व फुले विरळ आहेत, तेथे हे पात्र त्याच्या मार्गावरील एक उपयुक्त थांबा ठरते. नेमक्या याच दिवसांत माश्यांची झुंबड सर्वांत मोठी असते, हीच या प्रश्नातील खरी अडचण आहे.

२. पात्रावर येणारे कोण?

पात्रावर जमणाऱ्या कीटकांना सरसकट 'माश्या' म्हटल्याने पुष्कळ गोंधळ होतो. त्यांत निदान दोन निराळे वर्ग आहेत. पहिला युरोपीय मधमाशीचा. ही मधमाशी अमेरिकेची मूळ रहिवासी नव्हे. इंग्रज वसाहतवाल्यांनी तिची पोळी १६२२ साली व्हर्जिनियात आणली. गुंजनपक्षी आणि त्याची लाल, नळीदार फुले यांचा संबंध त्याहून कितीतरी प्राचीन आहे. दुसरा वर्ग पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्यांचा. यांतील पुष्कळ जाती अमेरिकेच्याच, तर काही युरोपातून आलेल्या आहेत.

दोघींच्या येण्याचा हंगाम जवळजवळ एकच असला तरी कारणे निराळी आहेत. वसंतात फुलांचा बहर असतो तेव्हा मधमाशी शर्करापात्राकडे लक्ष देत नाही. पात्रातील द्रावण साधारणतः चार भाग पाणी व एक भाग साखर या मापाने केलेले असते; वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे १८ ते २० टक्के साखर असते. गुंजनपक्ष्यांच्या फुलांतील मकरंद जवळपास इतकाच पातळ असतो. मधमाशीला मात्र याहून दाट मकरंद अधिक लाभदायक वाटतो, कारण पातळ रसातील पाणी उडवून त्याचा मध करण्यात पोळ्याचे श्रम खर्ची पडतात. परंतु मध्य-उन्हाळ्यात वसंतातील फुले सरतात आणि शरदातील सोनदांडीसारखी फुले अद्याप उमललेली नसतात. या मकरंदाच्या दुष्काळात तेच पातळ द्रावण तिला मोलाचे वाटू लागते.

गांधीलमाशीची गोष्ट वेगळी आहे. ती आपल्या अळ्यांसाठी कीटकांची शिकार करते, आणि अळ्या त्याच्या मोबदल्यात तिला गोडसर स्राव देतात. उन्हाळ्याच्या अखेरीस वसाहतीतील अळ्यांची संख्या घटते, हा घरचा गोड पुरवठा आटतो, आणि प्रौढ माश्या बाहेर साखरेच्या शोधात भटकू लागतात. गांधीलमाशीजवळ दिशा व अंतर सांगणारे नृत्य नाही. घरट्यात आलेल्या अन्नाचा वास मात्र तिच्या सहचारिणी ओळखतात, आणि तसाच वास बाहेर कोठे आला की तिकडे वळतात. म्हणजे एकीला ठिकाणाची वार्ता मिळते, दुसरीला केवळ पदार्थाची. उपाययोजनेत हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

३. पोळ्यातील वार्ता

मधमाशीच्या वार्तेचा उलगडा कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने केला. १९२० नंतरच्या दशकात त्याने पोळ्यातील दोन प्रकारच्या नृत्यांचे वर्णन केले. वर्तुळाकार नृत्य मकरंदाचे आणि पोट हलवीत केलेले नृत्य परागाचे, असा त्याचा प्रारंभीचा समज होता. १९४० नंतरच्या दशकात त्याने स्वतःच हा समज दुरुस्त केला. दोन नृत्यांतील भेद पदार्थाचा नसून अंतराचा आहे, असे त्याला आढळले. खाद्य पोळ्याच्या जवळ, साधारण ५० ते १०० मीटरांच्या आत असेल तर माशी वर्तुळाकार नाचते. त्याहून दूर असेल तर पोट हलवीत सरळ धावते, वळून मूळ जागी येते आणि पुन्हा धावते. उभ्या पोळ्यावर ही सरळ धाव ऊर्ध्वरेषेशी जो कोन करते, तोच कोन खाद्याची दिशा सूर्याच्या दिशेशी करते. धावेचा काल अंतराचा निदर्शक असतो. स्थूलमानाने एक सेकंदाची धाव म्हणजे एक किलोमीटर. या शोधासह त्याच्या एकूण कार्याबद्दल त्याला १९७३ साली कॉनराड लोरेन्झ व निकोलास टिनबर्गेन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, फॉन फ्रिशच्या प्रयोगांचे मुख्य साधन साखरपाण्याचे पात्र हेच होते. पात्रावर आलेल्या माश्यांना तो रंगाचे ठिपके लावी आणि काचेच्या भिंतींच्या पोळ्यात त्यांचे वर्तन पाही. गुंजनपक्ष्यासाठी गळके पात्र टांगणारा गृहस्थ नकळत त्याच प्रयोगाची मांडणी करीत असतो. फरक एवढाच की, शास्त्रज्ञाला माश्या हव्या असतात आणि गृहस्थाला नको असतात. म्हणून माश्यांना पात्राकडे आणण्यासाठी शास्त्रज्ञ जे जे करतात, ते ते टाळणे हा गृहस्थाचा पहिला धडा होय.

या नृत्याच्या अर्थाविषयी वाद झाला नाही असे नाही. १९६७ साली एड्रियन वेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, नव्या माश्या नृत्यातील दिशेने नव्हे तर वासाने खाद्यापर्यंत पोहोचतात, असे प्रतिपादन केले. पुढे २००५ साली नृत्याचे अनुसरण करणाऱ्या माश्यांचा रडारच्या साहाय्याने मागोवा घेण्यात आला, तेव्हा त्या सूचित दिशेने व अंतरापर्यंत उडत जातात हे स्पष्ट झाले. मात्र अखेरच्या टप्प्यात नेमके ठिकाण गाठण्यासाठी वास व दृष्टी यांचीच मदत घ्यावी लागते. साखरपाण्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी मधमाशी आपल्या पोटाच्या टोकाजवळील ग्रंथी उघडून तेथे स्वतःचा गंध दरवळवते. तेव्हा दिशा पोळ्यात सांगितली जाते आणि खूण पात्रावर ठेवली जाते, असे हे दुहेरी संदेशन आहे.

प्रत्येक माशी प्रत्येक खेपेनंतर नाचत नाही, हेही महत्त्वाचे आहे. नृत्य घडण्यास द्रावण किती गोड असावे लागते याची मर्यादा ऋतुमानाप्रमाणे बदलते, असे फॉन फ्रिशचा शिष्य मार्टिन लिंडाउअर याने १९४८ साली दाखविले. बहराच्या दिवसांत अतिशय दाट द्रावणच नृत्याला पात्र ठरते. दुष्काळात पातळ द्रावणही पुरते. एकच पात्र मे महिन्यात निर्वेध राहते आणि ऑगस्टमध्ये काळे पडेपर्यंत माश्यांनी भरते, याची उपपत्ती येथे लागते. पात्र बदललेले नसते. पोळ्यातील 'सांगण्याजोगे' या कल्पनेची कक्षा बदललेली असते.

४. 'म्हणे' आणि 'नाही'

भाषाशास्त्रज्ञांनी या नृत्याकडे लवकरच लक्ष दिले. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, हे नृत्य भाषा नसून संकेतव्यवस्था आहे, असे मत मांडले. चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची तेरा लक्षणे सांगताना मात्र, त्यांपैकी परोक्षनिर्देश, म्हणजे समोर नसलेल्या वस्तूविषयी सांगण्याची क्षमता, मधमाशीजवळ आहे हे मान्य केले. या दोन मतांत वाटतो तितका विरोध नाही. मधमाशी परोक्षाविषयी सांगते हे खरे. परंतु तिच्या सांगण्याच्या मर्यादा बेनव्हेनिस्त यांनी अचूक हेरल्या. त्यांपैकी एक मर्यादा येथे विशेष प्रस्तुत आहे. नृत्य पाहणारी माशी ते पाहून स्वतः नाचू लागत नाही. ती आधी त्या ठिकाणी जाते, खाद्य चाखते, परत येते, आणि मगच नाचते. एका संदेशावरून दुसरा संदेश रचणे तिला शक्य नाही.

मराठी वाचकाला ही मर्यादा एका शब्दात सांगता येईल: मधमाशीच्या व्यवहारात 'म्हणे' नाही. 'पलीकडच्या बागेत साखर आहे' आणि 'पलीकडच्या बागेत साखर आहे म्हणे' या दोन वाक्यांतील भेद मराठी भाषकाला लहानपणापासून अवगत असतो. दुसऱ्या वाक्यात वक्ता स्वतः साक्षी नसतो. तो ऐकीव वार्ता पुढे देतो आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी टाळतो. मानवी समाजात अफवा पसरते ती या 'म्हणे'च्या बळावर, आणि मूळ कारण नाहीसे झाल्यावरही ती टिकून राहते. मधमाशीची प्रत्येक वार्ता प्रत्यक्षदर्शीची वार्ता असते. पात्रातील साखर तिच्या आवाक्याबाहेर गेली की नवे साक्षी निर्माण होत नाहीत. आणि साक्षी नाहीत तेथे वार्ताही नाही.

दुसरी मर्यादा निषेधाची आहे. 'तेथे आता काही नाही' असे सांगणारे नृत्य नाही. रिकाम्या हाताने परतलेली माशी केवळ नाचत नाही. तिचे मौन हाच तिचा नकार. पोळ्यात निषेधासारखा एक संकेत अवश्य आहे. एक माशी नाचणारीला डोक्याने ढुशी देते व क्षणभर सूक्ष्म ध्वनी करते, त्यामुळे नाच थांबण्याचा संभव वाढतो. खाद्याच्या ठिकाणी ज्या माश्यांवर हल्ला झाला त्या परत आल्यावर हा संकेत अधिक वेळा देतात, असे जेम्स नीह यांनी २०१० साली दाखविले. परंतु त्याचा अर्थ वस्तुस्थितीचे कथन असा नसून कृतीचे निवारण असा आहे. मराठीने हा भेद दोन स्वतंत्र शब्दांनी राखला आहे: 'नाही' हे अभावाचे विधान, 'नको' हे निवारण. मधमाशीजवळ एक प्रकारचे 'नको' आहे. 'नाही' मात्र नाही.

या दुसऱ्या मर्यादेचा व्यावहारिक परिणाम पहिलीच्या उलट होतो. अभावाची वार्ता मिळत नसल्यामुळे, ज्या माश्यांनी पूर्वी त्या पात्रातून साखर नेली आहे त्यांना ते आटल्याचे दुसरीकडून कळू शकत नाही. त्या बऱ्याच अंशी पोळ्यात बसून राहतात, परंतु अधूनमधून येऊन पाहणी करतात, आणि हा क्रम काही दिवस चालतो. त्यांपैकी एकीला जरी पुन्हा साखर सापडली, तरी तिच्या परतण्याने व अंगावरच्या परिचित वासाने जुनी मंडळी पुन्हा कामाला लागते. म्हणून उपाय योजल्यावर दुसऱ्या दिवशी चार माश्या दिसल्या तर उपाय फसला असे समजू नये. परंतु एका दुपारची गळती आठवड्याचे काम वाया घालवू शकते, हेही विसरू नये.

५. पात्राची रचना

वरील विवेचनावरून मुख्य उपाय आपोआप निष्पन्न होतो. माशीला हाकलून काही साधत नाही, कारण हाकलली जाण्यापूर्वी तिने साखर चाखलेली असते. तिला साखर चाखूच न देणे, म्हणजेच तिच्या वार्तेचा विषय नाहीसा करणे, हा खरा उपाय होय. येथे निसर्गाने एक मोठी सोय करून ठेवली आहे. मधमाशीची सोंड सुमारे ६ ते ७ मिलिमीटर लांब असते. गांधीलमाशीची त्याहून आखूड. माणिककंठी गुंजनपक्ष्याची चोच साधारण १५ ते २० मिलिमीटर असते, आणि त्याची जीभ चोचीच्याही पुढे जाते. ही जीभ केशाकर्षणाने रस वर खेचणारी नळी नसून, तिच्या टोकाच्या झालरी द्रवात उघडतात व बाहेर येताना मिटून रस पकडतात, असे २०११ साली दिसून आले. त्यामुळे द्रवाची पातळी छिद्राच्या बरीच खाली असली तरी पक्ष्याचे काही अडत नाही. माशीचा आवाका आणि पक्ष्याचा आवाका यांतील हे सुमारे एक सेंटीमीटरहून अधिक अंतर म्हणजेच या प्रश्नाची किल्ली होय.

बाजारात मिळणारी पात्रे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्यात बाटली उपडी टांगलेली असते आणि तिच्या तळाशी छिद्रे असतात. बाटलीतील द्रव बाहेरील हवेच्या दाबाने तोलून धरला जातो. ऊन लागले की द्रवावरील कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि द्रवाला छिद्रांतून बाहेर ढकलते. बाटली जितकी रिकामी, तितकी तिच्यात हवा अधिक आणि गळतीही अधिक. शिवाय अशा पात्रात द्रव छिद्रांच्या अगदी तोंडाशी असतो. दुसऱ्या प्रकारात पसरट बशीवर झाकण असते व छिद्रे झाकणात असतात. येथे द्रव खाली राहतो आणि उष्णतेने बाहेर ढकलला जात नाही. माश्यांचा उपद्रव असेल तेथे हा दुसरा प्रकार निःसंशय श्रेयस्कर होय. मात्र बशी काठोकाठ भरली तर हा लाभ नष्ट होतो. पातळी छिद्रापासून किमान एक सेंटीमीटर खाली ठेवावी, छिद्रे माशीचे डोके आत शिरणार नाही इतकी अरुंद असावीत, आणि टांगणी वाऱ्याने हिंदकळणार नाही अशी असावी.

काही पात्रांच्या छिद्रांवर लहान जाळ्या बसविलेल्या असतात. त्यांचा उपयोग आहे, परंतु तो सशर्त आहे. पिताना पक्ष्याच्या चोचीवरून थेंब ओघळतात आणि जाळी ओली होते. ओल्या जाळीवरून माशी साखर चाटू शकते आणि मग जाळीच तिचे ताट बनते. म्हणून पात्राचा बाह्यभाग प्रतिदिनी पुसून काढणे हे जाळीपेक्षाही महत्त्वाचे आहे. पुसण्याने साखर जाते, आणि गरम पाण्याने स्वच्छ धुण्याने माश्यांनी ठेवलेला गंधही जातो. उन्हाळ्यात द्रावण लवकर आंबते व त्यात बुरशी धरते. तेव्हा पक्ष्याच्या आरोग्यासाठीही दर दोन-तीन दिवसांनी ते बदलून पात्र धुणे आवश्यकच असते.

रंगाच्या बाबतीत फॉन फ्रिशचेच जुने कार्य उपयोगी पडते. मधमाशीला रंग ओळखता येतात हे त्याने १९१४ च्या सुमारास सिद्ध केले. तिची दृष्टी जंबुपार, निळा व हिरवा या प्रकाशांना संवेदनक्षम असते. शुद्ध लाल रंग तिला मंद, काळसर भासतो. पिवळा मात्र तिला सहज दिसतो. असे असूनही पुष्कळ पात्रांवर शोभेसाठी पिवळी फुले बसविलेली असतात. ती काढून टाकणे इष्ट. लाल रंगाने माशीला पूर्ण अटकाव होत नाही, परंतु तिला निमंत्रणही मिळत नाही. पक्ष्याला मात्र लाल खूण ओळखीची होते. हा लाल रंग पात्राला असावा, द्रावणाला नव्हे. द्रावणात रंग घालण्याने काहीच साधत नाही.

द्रावणाचे प्रमाण हा आणखी एक उपाय. चाराऐवजी पाच भाग पाणी घेतल्यास द्रावण मधमाशीच्या नृत्यमर्यादेच्या खाली जाण्याचा संभव वाढतो, आणि गुंजनपक्षी थोडे अधिक पिऊन तूट भरून काढू शकतो. परंतु मकरंदाच्या तीव्र दुष्काळात ही मर्यादा इतकी उतरते की, केवळ पातळ करण्याने भागत नाही. शिवाय स्थलांतराच्या तोंडावर असलेल्या पक्ष्याला अतिपातळ द्रावण पाजणे म्हणजे माशीचा राग पक्ष्यावर काढणे होय. हा उपाय साहाय्यक म्हणून ठीक. प्रमुख म्हणून नव्हे.

६. स्थान आणि काल

'पात्र थोडे सरकवावे' असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात तथ्यांश आहे, परंतु 'थोडे' या शब्दाने तो निष्फळ ठरतो. मधमाश्यांना दूरच्या पात्रापर्यंत न्यायचे असते तेव्हा संशोधक ते एकदम दूर ठेवीत नाहीत. पोळ्याजवळून आरंभ करून ते टप्प्याटप्प्याने पुढे सरकवितात, आणि माश्या त्यामागोमाग जातात. जो गृहस्थ रोज हातभर अंतराने पात्र हलवितो, तो माश्यांना चकवीत नसून शिकवीत असतो. सरकवायचे तर एकदाच, स्वच्छ धुऊन, आणि जुन्या जागेवरून दिसणार नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ घराच्या दुसऱ्या बाजूस, सावलीत. सावलीने उपड्या बाटलीची गळतीही कमी होते. मूळ गळती तशीच ठेवून केलेले स्थलांतर मात्र व्यर्थ होय. कारण परिसरात शोध घेणाऱ्या माश्यांना ते पात्र पुन्हा सापडतेच.

येथे पक्ष्याची बाजूही पाहिली पाहिजे. गुंजनपक्ष्याची स्थलस्मृती फार तीव्र असते. सुझन हीली व अँड्र्यू हर्ली यांनी तांबूस गुंजनपक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांत, हे पक्षी फुलाच्या रंगापेक्षा त्याच्या जागेवरून त्याला ओळखतात असे आढळले. पात्र हलविल्यावर पक्षी काही काळ जुन्या, रिकाम्या जागी येऊन घुटमळतो तो यामुळेच. म्हणजे स्थान बदलण्याची झळ दोघांनाही लागते. वारंवार बदल केल्यास पक्ष्याचीच अधिक हानी होते.

मधमाशीला काळाचेही भान असते. ठराविक वेळी खाद्य मिळते असा अनुभव आलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळी येतात, हे इंगेबोर्ग बेलिंग यांनी १९२९ साली दाखविले. उलट पहाटेच्या गारव्यात माश्या पोळ्यातच असतात, परंतु रात्रभर उपाशी असलेला पक्षी पहिल्या उजेडातच बाहेर पडतो. म्हणून पात्र भरायचे ते भल्या सकाळी किंवा संध्याकाळी. भर दुपारी भरताना सांडलेले साखरपाणी सर्वाधिक साक्षींपुढे सांडते.

७. वर्ज्य व संशयास्पद उपाय

छिद्रांभोवती तेल किंवा चिकट मलम लावण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती सर्वथा त्याज्य होय. तेल पक्ष्याच्या पिसांना लागले तर पिसांची रचना बिघडते, आणि ज्याचे सारे जीवन उड्डाणावर अवलंबून आहे त्याला ते घातक ठरू शकते. कीटकनाशकाचा वापर तर दुहेरी अपराध: पक्षीही त्याच छिद्रातून पितो, आणि विष घेऊन परतलेली मधमाशी ते पोळ्यातही नेऊ शकते. साखरेऐवजी मध वापरणेही चुकीचे. त्यात बुरशी व आंबण्याचा धोका अधिक, आणि मधाच्या वासाने माश्यांना उघड आमंत्रण मिळते.

माश्यांसाठी दूर अंतरावर अधिक दाट साखरपाणी वेगळे ठेवावे, हा उपाय सकृद्दर्शनी उदार व चतुर वाटतो. मधमाशी दाट द्रावणाकडे वळते हे खरेच. परंतु दाट द्रावण म्हणजे अधिक उत्साही नृत्य, आणि अधिक नृत्य म्हणजे कित्येक किलोमीटरांच्या परिसरातील पोळ्यांना निमंत्रण. जेथे शेकडो माश्या होत्या तेथे हजारो येऊ शकतात. अनेक पोळ्यांच्या माश्या एका उघड्या ताटावर जमल्याने रोगप्रसाराचा धोका वाढतो, म्हणून जाणते मधुपालही अशा उघड्या खाद्यदानाला अनुकूल नसतात. ज्या वार्तेचा विषय नाहीसा करावयाचा, तिलाच अधिक रसाळ विषय पुरविण्यासारखे हे आहे.

सर्व उपाय करूनही झुंबड हटत नसेल, तर पात्र काही दिवस पूर्णपणे उतरवून ठेवणे हा प्रामाणिक मार्ग होय. पाहणीस येणाऱ्या माश्यांचा क्रम त्या अवधीत संपतो. पक्षी त्या काळात फुलांकडे वळतात. त्यांचे प्राण एका पात्रावर टांगलेले नसतात.

८. उपसंहार

वस्तुतः या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर फुलांनी दिलेले आहे. उत्तर अमेरिकेतील लाल लोबेलिया किंवा तुतारीच्या आकाराच्या फुलांची कँप्सिस वेल पाहावी: लाल वा नारिंगी रंग, लांब नळी, तळाशी असलेला पातळ मकरंद. मोठ्या काष्ठमाश्या कधी कधी नळीच्या बुडाशी भोक पाडून मकरंद चोरतात, म्हणजे ही तटबंदीही अभेद्य नाही. तथापि मधमाशीच्या आखूड सोंडेला सरळ मार्गाने तेथे फारसे काही मिळत नाही. उत्तम शर्करापात्र ते, जे या फुलाचे अनुकरण करते. त्यासोबत अशी फुलझाडेही लावली, तर पक्ष्याचा पात्रावरील भार तितकाच हलका होतो.

मधमाशी येथे शत्रू नाही, हे अखेरीस ध्यानात घेतले पाहिजे. दुष्काळात आपल्या पोळ्यासाठी ती जे करते, त्यात तिचा काहीच दोष नाही. दोष असेल तर गळणाऱ्या पात्राचा. तिच्या संदेशव्यवस्थेत ऐकीव वार्तेला स्थान नाही, आणि अभावाच्या विधानालाही नाही. पहिल्या उणिवेमुळे झुंबड हटविणे शक्य होते. दुसरीमुळे त्यासाठी काही दिवसांचा धीर धरावा लागतो. मानवी भाषेचे मोठेपण सांगण्यासाठी या दोन उणिवा भाषाशास्त्राच्या वर्गात नेहमी उद्धृत केल्या जातात. त्याच उणिवा नीट समजून घेतल्या, तर मधमाशीला विष न घालता आणि पक्ष्याला उपाशी न ठेवता दोघांचेही हित साधता येते.